मुलांचं ‘उत्खनन किट’: ब्रश झकास, बाकी सगळं प्लॅस्टरची धूळ (5 पैकी 2)

बॉक्सवर पुरातत्त्वज्ञ व्हा असं लिहिलंय म्हणून घेणार असाल तर जरा थांबा. भाचा सुट्टीला आला होता, दिवसभर मोबाईल, बाहेर सोलापूरचं ऊन माहितीच आहे, म्हणून नव्या पेठेतल्या एका दुकानातून हे उचललं, पाचशेच्या आत बसलं. कंपनीचं नाव देत नाही कारण अशी किट सगळ्यांचीच साधारण सारखी असतात, बॉक्सवरचं चित्र तेवढं वेगळं.

आत काय येतं तर विटेएवढा प्लॅस्टरचा ठोकळा, प्लॅस्टिकची छिन्नी, छोटी लाकडी हातोडी, एक ब्रश आणि घडी घातलेला कागद. छिन्नीचं टोक पहिल्या दहा मिनिटांत वाकलं, मग आमच्याकडचा जुना स्क्रू ड्रायव्हर कामाला आला. धूळ इतकी की आई खालून ओरडायला लागली, काय कराल्यात ही पोरं गच्चीवर. मास्क दिलेला नाही, तो स्वतःचा लावा. ब्रश मात्र खरंच चांगला आहे, मऊ आणि केस गळत नाहीत, दोन स्टारपैकी एक त्याचाच.

आता खरी तक्रार. ठोकळ्यातून निघालं काय तर डायनासोरचा सांगाडा, त्याला खेटून एक ममी आणि सोनेरी नाणं. एकाच ठोकळ्यात, एकाच पातळीवर!! अहो डायनासोर संपले 6.6 कोटी वर्षांपूर्वी, ममी फार तर काही हजार वर्षांची, आणि मुळात डायनासोर शोधणं हे पुरातत्त्वाचं कामच नाही, तो जीवाश्मवाल्यांचा प्रांत, पुरातत्त्वात माणूस लागतो. डायनासोरच सांगायचा होता तर आपल्या पायाखालचा काळा पाषाण दाखवला असता तरी चाललं असतं, दख्खनचा हा लाव्हा साधारण त्याच सुमाराला वाहिलाय.

आणि ममी तरी कशाला पाहिजे? आपल्याकडं इनामगाव आहे की. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, घोड भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढं उजनीवरून आपल्या पंढरपूरला येते, म्हणजे आपल्याच पाण्यावरची माणसं म्हणा ना. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी वगैरे, तिथं 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं खोदाई केली, सव्वाशेच्या वर घरं सापडली. इ.स.पू. 1600 ते 700 च्या दरम्यानची वस्ती, खाली माळवा, त्यावर जोर्वे, सगळ्यात वर उत्तर (म्हणजे नंतरचं) जोर्वे, ही त्या काळच्या संस्कृतींची नावं, असे थरावर थर. जोर्वे काळातली घरं चौकोनी, ऐसपैस, वरच्या थरात मात्र बारक्या गोल झोपड्या. का, तर इ.स.पू. 1000 च्या आसपास पाऊस कमी होत गेला, शेती परवडेना आणि लोक शेळ्यामेंढ्यांकडं वळले असं ढवळीकरांनी मांडलं. दुष्काळ आणि मेंढरं, हे सोलापूरच्या पोराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भाच्याला सगळ्यात काय आवडलं असेल तर दफनं. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे, आणि मोठ्या माणसाचे घोट्याखालचे पाय तोडून मग पुरायचे, बहुतेक मेलेला माणूस उठून चालायला लागू नये म्हणून, असा अंदाज आहे. एक माणूस मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेला सापडला, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, आणि त्याचे पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असणार म्हणतात. पोरगं म्हणालं, मामा हे का नाही देत किटमध्ये? बरोबर आहे की त्याचं.

किटबरोबरचा कागद तर कचराच. थर हा शब्दसुद्धा नाही त्यात, वस्तू काढा आणि कपाटात मांडा एवढंच. खऱ्या खोदाईत वस्तूपेक्षा ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती ते महत्त्वाचं, ते लिहून न ठेवता उचलली की तिची निम्मी किंमत गेली. झोपडीचे खांब कधीच कुजून जातात, मातीत फक्त वेगळ्या रंगाचे गोल डाग उरतात आणि त्या डागांवरून घर ओळखायचं. हे प्लॅस्टरमध्ये कसं शिकवणार.

शेवटी आम्ही घरीच केलं. भाजीच्या क्रेटला आत पोतं लावलं, खाली काळी माती, मग चुलीची राख आणि फुटक्या माठाचे तुकडे, वर मुरमाड माती. तव्यावर ज्वारी पार काळी होईपर्यंत जाळून राखेच्या थरात मिसळली. मग त्या थरातली माती बादलीभर पाण्यात ढवळली तर जळके दाणे बरेचसे वर तरंगले, पातळ फडक्यानं गाळून घेतले. उत्खननात धान्य असंच शोधतात, जळलेला दाणा कुजत नाही म्हणून हजारो वर्षं टिकतो. इनामगावात असे मुख्य जव मिळाले, शिवाय गहू, मसूर, हुलगे. हुलगे ऐकून आई एकदम खूश, माडग्याची आठवण निघाली. खर्च शून्य आणि पोरगं संध्याकाळपर्यंत हललं नाही.

एक सांगून ठेवतो, हे क्रेटमध्येच करा. गावाकडं पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर पोरांना कुदळ घेऊन सोडू नका, खापरं दिसली तरी. संरक्षित जागी परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे, आणि 1878 चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा अजून लागू आहे, त्यात दहा रुपयांच्या वरची पुरलेली वस्तू सापडली तरी कलेक्टरला कळवावी लागते.

तरी किट घ्यायचंच असेल तर एका ठोकळ्याचं घ्या, बाराच्या पॅकच्या नादी लागू नका, दुसऱ्याच ठोकळ्याला पोरं कंटाळतात. आठ वर्षांखालच्यांना तर नकोच, हातोडी बोटावर बसते. त्या पैशात थोडी भर घालून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडा आणि पुण्याला डेक्कन कॉलेजचं म्युझियम दाखवा, इनामगावच्या वस्तू तिथं आहेत. फक्त सुट्टीचा दिवस नाही ना ते आधी फोन करून विचारा.