खापरावरची आजी, एसटीतली वहिनी
पहाटे जात्यावर कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे, पीठ दळणारी, विहिरीचे पाणी शेंदणारी आणि पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत मोठी करून तापल्या खापरावर अलगद पसरणारी माझी आजी, आणि मिक्सरमध्ये मसाला वाटून सकाळच्या एसटीने जळगावला नोकरीसाठी जाणारी माझी वहिनी, यांत अधिक कष्टाळू कोण, हे मला ठरवता येत नाही. हाताचे कसब मात्र निःसंशय आजीचेच मोठे होते. तरीही, जन्मभर कापूस वेचूनही त्याचे पैसे तिच्या हाती कधी आले नाहीत. वहिनीचा पगार तिच्याच खात्यात जमा होतो, शिवाय हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीमुळे माहेरच्या वडिलोपार्जित शेतीत तिला भावाइतकाच हक्क आहे. सायंकाळी थकून परतल्यावर भाकरी मात्र अजूनही तिलाच थापाव्या लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.