पुढच्या दातांचं व्हिनियर: कॉम्पोझिट की सिरॅमिक?

माझ्या वरच्या दोन पुढच्या दातांवर काही वर्षं दोन वेगळी व्हिनियर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेले पातळ थर, होती. डावा दात शाळेत क्रिकेटचा चेंडू लागून कोपऱ्यात तुटलेला, त्यावर सिरॅमिक, म्हणजे लॅबमध्ये घडवलेलं चिनी मातीसारखं. उजव्याच्या बाजूला फट होती, ती बुजवायला नंतर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं, दातावरच थर देऊन घडवलेलं फिलिंगचं मटेरियल. त्यामुळे आरशासमोर रोज तुलना व्हायचीच.

दिसायला सिरॅमिक सरस, हे मान्यच. त्यात उजेड खऱ्या दातासारखा खेळतो, आणि हळद, चहा, तांबडा रस्सा काही त्यावर बसत नाही. कॉम्पोझिटची चकाकी माझ्या बाबतीत वर्षभरात उतरली आणि हिरडीलगत पिवळसर रेघ धरली. अधूनमधून पॉलिश करून घ्यावं लागतं. दिवसाला पाच-सहा कप चहा किंवा तंबाखू असेल, तर याचा आधी विचार करा. आयुष्यही कमीच: कॉम्पोझिट साधारण ५ ते ७ वर्षं, सिरॅमिक १०-१५.

तरी माझं मन फिरलं ते सीताफळाच्या बीमुळे. बी नेमकी दाताखाली आली आणि सिरॅमिकच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला. दुखलं काहीच नाही, पण जीभ दिवसभर त्या खाचेतच. डॉक्टर म्हणाले, डागडुजी फार टिकायची नाही. अख्खं व्हिनियर घासून काढायचं, पुन्हा माप द्यायचं, लॅबमधून नवं येईपर्यंत टेम्पररीवर भागवायचं. ती टेम्पररी तिसऱ्या दिवशी भाकरीच्या घासाबरोबर निघाली, आणि मी माझा तासलेला दात पहिल्यांदा नीट पाहिला. शेजारच्यापेक्षा बारीक, मळकट, गार पाण्याने शिवशिवणारा. सिरॅमिकसाठी बहुतेक वेळा दात पुढून अर्धा मिलिमीटरच्या आसपास तासतात. ऐकताना ते काहीच वाटत नाही. पण इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, परत येत नाही. त्या दातावर आता जन्मभर काहीतरी चढवावंच लागणार. लॅबचं काम थांबवायला सांगून मी त्यावरही कॉम्पोझिटच करून घेतलं.

कॉम्पोझिटचाही टवका उडतो. माझा पेरू खाताना उडाला. तेवढीच जागा खरखरीत केली, आम्लाचं निळं जेल लावून धुतलं, थर चिकटवणारं बाँडिंग, नवा थर, वर निळ्या दिव्याचे वीस सेकंद, मग पॉलिश. इंजेक्शन नाही, लॅब नाही. दुपारी घरी येऊन जेवलो. शिवाय फटीच्या दाताला तासणी लागलीच नव्हती. खर्च मला सिरॅमिकच्या निम्म्याहून कमी आला.

मात्र इथे सगळं डॉक्टरच्या हातावर आहे, कारण आकार खुर्चीतच घडतो. त्यांनी केलेल्या, दोन-तीन वर्षं जुन्या कामाचे फोटो दाखवायला सांगा. रंग सुरुवातीलाच, दात ओला असताना जुळवून घ्या. सुकलेला दात पांढरा दिसतो आणि फसगत होते. ब्लीचिंग करायचं असेल तर ते आधी, आणि मग दोनेक आठवडे थांबा. झोपेत दात खात असाल तर दोन्हींसाठी नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कवच, लागेल.

यवतमाळ-चंद्रपूरकडे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर गडद तपकिरी डाग पडतात. तसे डाग असतील तर माझं मत थोडं बदलेल, कारण ते झाकायला कॉम्पोझिटचा थर जाड द्यावा लागतो आणि दात फुगीर दिसतो. तिथे सिरॅमिक बरं पडत असावं.

माझ्या पुतणीला पुढे फट आहे, वय बावीस. तिने विचारलं तेव्हा मी कॉम्पोझिटच सुचवलं. सिरॅमिक तिला चाळिशीतही करता येईल.