पडद्यावर ६७, भरडीत ६२: घरच्या मॅशचे आठ महिने

ऑगस्टमध्ये घरी बिअर करायची ३५ लिटरची विजेची किटली घेतली, आणि मार्चअखेर अकरावी खेप बाटल्यांत भरली. तळाशी हीटर, आत जाळीच्या बुडाचं पातेलं, खालचा वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी) उचलून वरून सोडणारा पंप, आणि तापमान धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर. कंपनीचं नाव लिहीत नाही, या घाटाची सगळी यंत्रं आतून सख्खी भावंडंच आहेत.

त्याआधी मी पिकनिकच्या आइसबॉक्समध्ये मॅश करायचो, म्हणजे माल्टची भरड गरम पाण्यात भिजवून तिच्यातल्या पिठाची साखर होऊ द्यायचो. तासाभरात दोन अंश उतरायचे आणि मी झाकण उघडून बघत बसायचो, म्हणजे आणखी एक उतरायचा. दोन-तीन अंशांनी काय बिघडतं, असं बायकोने विचारलंच. बिघडतं. माल्टमधलं बीटा अमायलेज हे एन्झाइम ६० ते ६५ अंशांत जोरात असतं आणि यीस्टला सहज पचणारी साखर करतं. त्याच्या भावाला, अल्फा अमायलेजला, ७० च्या आसपास रंग चढतो, पण त्याच्या कामात न आंबणाऱ्या लांब साखळ्या बऱ्याच उरतात. ६४ ला मॅश केलं की बिअर कोरडी, ६९ ला जाड, गोडसर. आणि बीटा एकदा उष्णतेने मेलं की मॅश थंड करून परत येत नाही.

माझी पहिली खेप मात्र उलट्या बाजूला गेली. यंत्रावर ६७ लावलं होतं, त्यामुळे आंबल्यानंतरची शेवटची घनता (पाण्याची १.०००; आकडा जितका कमी तितकी बिअर कोरडी) १.०१२ च्या आसपास थांबेल अशी अपेक्षा होती. ती १.००५ ला जाऊन टेकली. बिअर कसली, सोडा! दुसऱ्या खेपेला काचेचा साधा थर्मामीटर भरडीत खुपसला: ६२. पडद्यावर तेव्हाही ठाम ६७. मी विक्रेत्याला चांगलाच तिखट मेल लिहिला. उत्तरात एकच प्रश्न आला, तुम्ही राहता कुठे?

राहतो डेन्व्हरला. समुद्रसपाटीपासून १६०० मीटर वर, पाणी उकळतं ते जेमतेम ९५ अंशांना. मी पहिल्याच दिवशी उकळत्या पाण्यात सेन्सर ‘तपासला’ होता, ९५ दिसल्यावर यंत्र चुकतंय असं ठरवून पाच अंशांची दुरुस्ती टाकून मोकळा झालो होतो. सेन्सर बिचारा खरं बोलत होता. आता तपासणी बर्फाच्या पाण्यात, शून्यावर. विक्रेत्याकडून उत्तर देणाऱ्या त्या बाईंना माफीचा मेल लिहिला, तोही बराच लांब.

ती दुरुस्ती काढली तरी एक-दीड अंशाचा फरक राहिला, आणि तो यंत्राच्या रचनेतलाच आहे. सेन्सर तळाला, हीटरला चिकटून. भरड टाकल्यावर तापमान पडतं, कंट्रोलर घाबरून पूर्ण १६०० वॉट सोडतो, तळाशी ६७ होतात तेव्हा वरचा थर अजून ६३ वर असतो. मग पंपाने सगळं मिसळेपर्यंत आकडा ६९ वर उडी मारतो. माझा तोडगा असा: पहिली दहा मिनिटं ६५ लावायचे आणि वॉट ६०० वर आणायचे. मग ६७. पंपाचा नळ अर्धाच उघडा ठेवायचा. पूर्ण उघडला की भरड दाबून बसते, वर्ट खाली झिरपत नाही आणि तळ कोरडा पडून करपतो. गव्हाचं माल्ट असेल तर भरड मोकळी राहावी म्हणून मूठ-दोन मूठ भाताचं तूस घालतो.

हिवाळ्यात गॅरेजमधली भरड ४ अंशांची असते. ५ किलोला १७ लिटर पाणी धरलं, तर घरातल्या २० अंशांच्या भरडीसाठी पाणी ७३ ला पुरतं, या गारठलेल्या भरडीला जवळजवळ ७५ लागतं. म्हणून आता आदल्या रात्री पोतं घरात. भरड थोडीथोडी सोडत पिठल्यासारख्या गुठळ्या मोडायच्या. गुठळीच्या आत कोरडं पीठ राहिलं तर तिथं कुठलंच तापमान पोचत नाही. किटलीच्या वरच्या अर्ध्या भागाला आईने पाठवलेली गोधडी गुंडाळतो, हीटर आणि बटणांपासून लांब. तिला माल्टचा वास कायमचा लागलाय. आईला सांगितलेलं नाही.

तक्रारी आहेतच. १२० व्होल्टवर ६७ वरून मॅशआउटच्या (मॅश संपवण्याच्या) ७७ ला जायला पंधरा-अठरा मिनिटं लागतात. उकळी तर रडतखडत. ‘बॉइल’चं बटण १०० अंशांची वाट बघतं, जे या गावात कधी येणार नाहीत, म्हणून शिट्टीही कधी वाजत नाही; ते मी हाताने ९४ ला लावतो.

बोल्डर शहर जवळच आहे. अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांची संघटना, १९७८ मध्ये तिथेच सुरू झाली, त्यामुळे माल्टची दुकानं आणि फुकटचे सल्ले दोन्ही मुबलक. पुण्याचा मित्र म्हणतो, येताना एक किटली घेऊन ये. त्याला म्हटलं, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू गाळणं काय, बिअर आंबवणंही दारूबंदी कायद्यात गुन्हा आहे. किटली आणेन, पण तिच्यात तू उकडीचा बासमतीच शिजव.

शेवटच्या चार खेपा १.०११ ते १.०१३ मध्ये थांबल्या. पंपाची जाळी दर वेळी उघडून धुवावी लागते, नखाएवढं टरफल अडकलं तरी प्रवाह मंदावतो आणि वरचा थर पुन्हा ६४ वर. परवाच अडकलं होतं.