गंजलेली राजदूत ३५०: घरी केलेली दुरुस्ती आणि नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरीजवळच्या एका गावात, झावळ्यांच्या मांडवाखाली, खाऱ्या वाऱ्यात अकरा वर्षे उभी असलेली १९८६ सालची राजदूत ३५० मोटरसायकल मी विकत घेतली, तेव्हा तिची चाकेही फिरत नव्हती. कोल्हापुरात घराच्या पडवीत जवळपास वर्षभर रविवार घालवून मी ती रस्त्यावर आणली, आणि आता नऊ महिन्यांत ती ४,२०० किलोमीटर चालली आहे. गाडी उभी करताना केलेल्या कामांपैकी आणि माझ्या हौसेच्या बदलांपैकी काय टिकले आणि काय मलाच काढून टाकावे लागले, याचा हा हिशेब आहे.

यामाहाच्या आरडी ३५० या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक गाडीची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्सने १९८३ पासून त्या दशकाच्या अखेरीपर्यंत काढली. आधीच्या ‘हाय टॉर्क’ गाडीची शक्ती ३०.५ अश्वशक्ती होती. पेट्रोलच्या खर्चाची ओरड झाल्यावर आलेल्या ‘लो टॉर्क’ची २७. माझी गाडी दुसऱ्या प्रकारची आहे. मला शहरात लिटरला २२ आणि हमरस्त्यावर २८ किलोमीटर मिळतात, म्हणजे ‘लो’ या नावावरून पेट्रोलचा खर्चही कमी असेल असे समजू नये.

सर्वांत समाधान देणारे काम पेट्रोलच्या टाकीचे झाले, आणि ते कोणालाही घरी करता येण्यासारखे आहे. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा भरून मी तिच्या तोंडातून साधी लोखंडी सळई आत सोडली, ती पत्र्याला टेकू नये म्हणून तिच्यावर रबरी नळीचे तुकडे चढवले, आणि बॅटरी चार्जरची धन बाजू सळईला व ऋण बाजू टाकीला जोडली. दोन दिवसांत गंज सुटून सळईवर तांबूस चिखल साचला. यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. सळई स्टेनलेस स्टीलची नसावी, कारण तिच्यातील क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. आणि या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावे. टाकी धुऊन वाळवल्याबरोबर तिच्यात टू-स्ट्रोकचे थोडे तेल घोळवले नाही, तर तासाभरात पुन्हा तांबूस छटा येते. माझ्याकडून पहिल्या वेळी हेच झाले आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागला. बारीकसारीक नटबोल्ट मात्र आईच्या सल्ल्याने चिंचेच्या पाण्यात ठेवले होते. तांब्याची भांडी उजळणारे तिचे शास्त्र लोखंडाच्या गंजालाही पुरेसे लागू पडले.

इंजिन मी घरी उतरवले, पण क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, हात लावला नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे या दांड्याच्या पेटीत, येते, त्यामुळे दांड्याच्या टोकांची ऑइल सील (रबरी कडी) हवाबंद असणे ही चैन नसून गरज आहे. उजवीकडची सील गेली की गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघतो, ज्याचे निदान लगेच होते. डावीकडची गेली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), इंजिन तापते आणि पिस्टन सीझ होईपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकेपर्यंत, मालकाला काही कळत नाही. शिवाय हा शाफ्ट दाबून बसवलेला असल्यामुळे तो सुटा करून नवे कनेक्टिंग रॉड घालणे आणि डायल लावून पुन्हा सरळ करणे हे प्रेस आणि अनुभवी हात यांचे काम आहे. ते मी कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एका जुन्या कारागिराकडून, दोन्ही सिलिंडरच्या बोअरिंगसह, करून घेतले आणि त्या खर्चाचा मला आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. गाडीची किंमत सोडून एकंदर १ लाख ६० हजार रुपये लागले, त्यांतला मोठा वाटा इथेच गेला.

आता हौसेविषयी. मी मूळ सायलेन्सर काढून एक्स्पान्शन चेंबर (वरच्या वेगाला जास्त शक्ती देणारे फुगीर धुराडे) बसवले, बुटका हँडल लावला आणि ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातले. यांतले शेवटचेच टिकले. पॉइंट्सचे दोन संच असतात, प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग वेगळे लावावे लागते, आणि ते काही आठवड्यांत पुन्हा सरकते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातल्यापासून थंडीतही दुसऱ्या किकला गाडी सुरू होते. हँडलने महिनाभरात मनगटे दुखवली. चेंबरची गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. ते बसवल्यावर कार्ब्युरेटरचे मेन जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) मोठे करायला हवे, हे मला ठाऊक होते; तरीही ‘आधी एक फेरी मारून पाहू’ म्हणून मी आंबा घाटाच्या दिशेने निघालो आणि चढावर डावा पिस्टन सीझ झाला. क्लच वेळेवर दाबला म्हणून मागचे चाक अडकले नाही. पुन्हा होनिंग (सिलिंडर आतून घासणे), नवा पिस्टन, आणि मूळ सायलेन्सर कार्बन काढून परत जागेवर, असा त्या हौसेचा शेवट झाला. शहरात खालच्या वेगाला तर मूळ सायलेन्सरच गाडीला अधिक सुखाने ओढू देतात, आणि शेजारीही पुन्हा बोलू लागले.

इंजिनाला वेगळ्या टाकीतून तेल पुरवणारा ऑटोल्यूब पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला, तो मी मानला नाही. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी गिअरमध्ये उतरते, तेव्हा पेट्रोलच जेमतेम येत असेल तर त्यात मिसळलेले तेल तरी किती येणार. पंप इंजिनाच्या फेऱ्यांवरही चालतो, म्हणून तो थोडे का होईना तेल देत राहतो. मात्र पंप एकदा रिकामा झाला की नळीतली हवा पूर्ण काढावी, आणि तोपर्यंत टाकीतही थोडे तेल मिसळावे.

पुढचा ब्रेक ड्रमचा आहे आणि त्याच्याकडून डिस्कची अपेक्षा ठेवू नये. दोन्ही लायनर एकाच क्षणी टेकतील असा जोडदांडा जुळवल्यावर आणि लायनर ड्रमच्या गोलाईनुसार लेथवर घासून घेतल्यावर तो बराच सुधारला; तरी एसटीच्या मागे चालताना मी नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवतो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. नियमानुसार ‘विंटेज’ म्हणवून घ्यायला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे ही गाडी आरटीओच्या लेखी केवळ जुनी आहे. आरसीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि पीयूसी हे सगळे रीतसर करावे लागले, आणि रंग मूळचाच ठेवल्यामुळे आरसीत त्याची वेगळी नोंद करण्याची वेळ आली नाही.

सध्याची चिंता पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलची आहे. ते पाणी शोषते, जुने रबर फुगवते आणि मिश्रण थोडे पातळ करते, म्हणून मी नळ्या बदलल्या आणि मेन जेट एका पायरीने वाढवले. प्लगचा रंग आता पुन्हा तपकिरी दिसतो. पुढच्या मडगार्डच्या क्रोमवरचे ठिपके ॲल्युमिनियम फॉइल आणि पाण्याने घासून जेवढे गेले तेवढे गेले, बाकीचे राहू दिले आहेत. पावसाळ्यात गाडी पडवीतच राहील, तेव्हा दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करून आणि टाकी काठोकाठ भरून ठेवण्याचे काम येत्या रविवारी करायचे आहे.