खोक्यावर अननस, वॉरंटीत नाही: बिडाच्या ग्रिल पॅनचा आठ महिन्यांचा अनुभव

परवा कंपनीचं उत्तर आलं. आंबट पदार्थांमुळे झालेलं नुकसान म्हणे वॉरंटीत बसत नाही. ज्या खोक्यातून हा पॅन माझ्या घरी आला, त्याच खोक्यावर अननसाच्या चार चकत्या छापल्या आहेत, छान काळ्या रेघा उमटलेल्या. तो फोटो बघूनच मी ₹१,८५० मोजले होते. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

फेब्रुवारीत घेतला. बिडाचा, चौकोनी, रेघांचा, सगळ्यांना माहीत असलेलाच प्रकार. आम्ही मुलुंडला राहतो, गॅलरी नाही, कोळशाची शेगडी पेटवायची सोय नाही. पाइपच्या गॅसवर होईल ते. हॉटेलात भाजलेल्या अननसाच्या दोन चकत्यांचे ₹३२० दिले होते आणि त्याच आठवड्यात बाजारात अख्खा अननस ₹७०ला मिळाला होता. तो हिशोब डोक्यातून जाईना.

पहिला महिना नुसता वैताग. चकती टाकली की चर्र, मग पाणी, मग धूर, आणि उलटायला जावं तर अर्धी चकती पॅनलाच चिकटलेली. सगळा राग मी पॅनवर काढला. तो चुकीचा होता, हे मान्य. मी चकत्या ओल्याच टाकत होते. वरचं पाणी उडून जाईपर्यंत फळ १०० अंशांच्या वर तापतच नाही, म्हणजे भाजलं न जाता उकडतं. आता चकत्या पंच्यात दाबून कोरड्या करते. तेल पॅनला न लावता चकतीला लावते. पॅन पाचेक मिनिटं मध्यम आचेवर तापवते. पाण्याचा थेंब टाकला की मोत्यासारखा पळाला पाहिजे. चकती ठेवली की तीन मिनिटं हात लावायचा नाही. रेघेवरची साखर नीट भाजली गेली की चकती आपणहून सुटते. ओढावी लागली, तर वेळ झालेली नाही.

जाडीचंही तसंच. आधी मी पातळ कापायचे, ती उलटताना मोडायची. मग चांगली इंचभर कापली, तर वरून रेघा सुंदर आणि आतून थंडगार. मुलगा म्हणाला, "आई, जीभ तशीच चुरचुरतेय." अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. जीभ चुरचुरते त्यात त्याचाही हात असतो. ते उष्णतेने निकामी होतं, पण त्यासाठी चकती आतपर्यंत ७० अंशांच्या आसपास जायला हवी, नुसत्या रेघा उमटून उपयोग नाही. करंगळीएवढी जाडी, एका बाजूने तीन मिनिटं, दुसरीने दोन, आणि मग गॅस बंद करून त्याच पॅनवर मिनिटभर. आता मुलगा पाच-पाच चकत्या खातो आणि तक्रार नाही. मधला दांडा मी भाजून झाल्यावर काढते. तो असला की चकती एकसंध राहते.

फळाबद्दल एकच सांगते. अननस घरी आणून पिकत नाही. रंग बदलेल, मऊ पडेल, पण झाडावरून तोडताना जितका गोड होता त्याहून गोड होणार नाही. त्यामुळे "दोन दिवस ठेवा ताई, गोड होईल" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. बुडाला वास घेऊन बघा. केरळचा वाळकुळमचा अननस (२००९पासून जीआय मानांकन असलेला) बहुतेक मॉरिशस जातीचा असतो, लहान, पिवळा, कमी पाण्याचा. भाजायला तोच. मोठा क्यू जातीचा रसाला उत्तम, पॅनवर मात्र नुसतं पाणी.

आता मुख्य गोष्ट. पन्हळी.

या पॅनला रेघांच्या मध्ये अकरा पन्हळी आहेत. मी पट्टीने मोजल्या: पाच मिलिमीटर रुंद, सहा खोल. माझी करंगळी आत जात नाही, घासणीचा कोपरा जात नाही. चकतीतून सुटलेला रस थेट तिथे उतरतो, उकळतो, आटतो आणि डांबरासारखा काळा होतो. खोक्यावर "सहज स्वच्छ होणारा" असं छापलंय. पहिले दोन महिने मी टूथपिकने एकेक पन्हळ उकरत होते, अननस भाजायला सहा मिनिटं आणि पॅन घासायला पंचवीस. शेवटी उपाय आईंनी (माझ्या सासूबाई) सुचवला: पॅन गरम असतानाच कपभर कडकडीत पाणी ओतायचं आणि नारळाच्या शेंडीने घासायचं. शेंडीचे धागे पन्हळीत बरोबर बसतात. तेव्हापासून पाच मिनिटांत काम होतं, आणि मेमध्ये मी खरंच या पॅनवर खूश होते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर घ्या म्हणाले असते.

मग पाऊस सुरू झाला. जुलैत एका सकाळी पन्हळींमध्ये नारिंगी गंज. फक्त पन्हळींमध्ये, वरच्या रेघा ठणठणीत. मी कोरडा पुसून, तेलाचा हात देऊन ठेवत होते तरीही. त्या दिवशी भाजलेल्या चकत्यांच्या कडा करड्या पडल्या आणि आईंनी एक घास खाऊन ताटली बाजूला सारली. "कळकलंय गं हे." पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की जे होतं, तेच त्यांना जाणवलं, आणि त्या बरोबर होत्या. बिडावरचा काळा थर म्हणजे तापवून घट्ट झालेलं तेल. आंबट रस त्यावर साचून राहिला की थर झिजतो आणि खालचं लोखंड रसात उतरतं. रस साचतो कुठे? पन्हळीत. थर गेला कुठला? पन्हळीतला.

मी कंपनीला फोटो पाठवले. एकदा सांगितलं, नीट मुरवला नसेल, म्हणजे तेल लावून, तापवून तो थर चढवला नसेल. मी म्हटलं, तुम्हीच "आधीच मुरवलेला" म्हणून विकलात. मग सांगितलं, पावसाळ्यात असं होतंच. मग तीन आठवडे काही नाही. १९१५वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे हे आंबट पदार्थांचं उत्तर आलं आणि सोबत पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. कूपन मी नाकारलं. मला दुसरा पॅन नको आहे. एक तर पैसे परत द्या, नाहीतर खोक्यावरचा तो फोटो काढा म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही. तक्रार अजून उघडी आहे.

दरम्यान गणपतीत पाहुणे होते, ग्रिल पॅन गंज काढून मुरवायला ठेवलेला, म्हणून आईंच्या जुन्या डोशाच्या तव्यावर चकत्या भाजल्या. सपाट, बिडाचा, वीस वर्षं वापरातला. अख्खी चकती तव्याला टेकते, त्यामुळे रेघांऐवजी पूर्ण पृष्ठभाग तांबूस होतो. रस साचत नाही, पसरून लगेच आटतो. वरून काळं मीठ, तिखट आणि लिंबू. पाहुण्यांनी तीन अननस संपवले. आईंच्या तव्याचा थरही जपायला हवा म्हणून मी झाल्या झाल्या धुते, गॅसवर कोरडा करते आणि लगेच तेलाचा हात देते. आतापर्यंत डाग नाही.

हे मला फेब्रुवारीत कळलं असतं तर ₹१,८५० वाचले असते, याचं खरंच वाईट वाटतं. घरात जुना बिडाचा तवा असेल तर त्यावरच करून बघा. ग्रिल पॅनवर मी आता पनीर आणि रताळी भाजते, त्याला तो चांगला आहे, जड असल्यामुळे आच धरून ठेवतो. अननस त्यावर परत नाही. खोका मात्र माळ्यावर जपून ठेवलाय. हेल्पलाइनवाल्यांनी फोटो मागितले, तर चकत्यांची बाजू समोर धरून काढणार आहे.