“कुणाला सांगू नका, काकू” म्हणणारा फवारणीवाला

मे महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं बंगळूरला गेलो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परतलो. तीन महिने घर बंद होतं. कुलूप उघडून बॅगा आत ठेवल्या आणि चहा होईपर्यंत दोघांच्याही पायांना खाज सुटली. बंद घरात डास झाले असतील म्हणून रात्री मच्छरदाणी लावून झोपलो. सकाळी बघते तर घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल गांध्या, प्रत्येकीच्या मध्ये बारीकसा ठिपका. ह्यांच्या पांढऱ्या पायमोज्यावर तिळाहून लहान काळपट कण बसला होता. बोटाने टिपायला गेले तर टुणकन उडाला.

पिसवा! मागच्या बाल्कनीत जुन्या गादीची वळकटी ठेवलेली होती, तिच्यात मांजरीने पिल्लं घातली होती. मांजर पिल्लांना घेऊन कधीच निघून गेली होती. दाराच्या फाटलेल्या जाळीतून ती हॉलमध्येही येत असणार, कारण गालिच्यावर तिचे केस आणि मिरपुडीसारखी काळी भुकटी होती.

मला फार लाज वाटली. रोज दोनदा केर काढणारं आमचं घर. पिसवा-ढेकूण म्हणजे अस्वच्छ घरातली गोष्ट, असं आमच्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसलेलं. शेजारी विचारावं, असं एकदाही मनात आलं नाही. खाली विजेच्या मीटरच्या पेटीवर एक स्टिकर होता, “ढेकूण, झुरळ, वाळवी, पिसू, एका फवारणीत कायमचा बंदोबस्त”. त्या नंबरवर फोन केला.

तासाभरात माणूस हजर. तिशीचा, गोड बोलणारा, पाठीवर फवारणीचा पंप. पांढरा पायमोजा घालून हॉलमध्ये चार पावलं चालला आणि पाय वर करून दाखवला. सात-आठ पिसवा चिकटल्या होत्या. “काकू, प्लेग ह्यांच्यामुळेच होतो. 94 साली सुरतला काय झालं, आठवतं ना?” माझी आजी पुण्यातल्या प्लेगच्या गोष्टी सांगायची. लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेले होते. त्या एका शब्दाने माझे हातपाय गार पडले, आणि त्याने ते बरोबर ओळखलं.

मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “सोसायटीत कुणाला सांगू नका काकू, उगाच तुमच्या घराचं नाव खराब होईल. आपण गुपचूप काम उरकू.” मला तेव्हा तो किती समजूतदार वाटला होता! आज ह्याच वाक्याची सगळ्यात जास्त चीड येते.

त्याने 7,500 रुपये मागितले, तीन वर्षांची गॅरंटी दिली. बिल नंतर देतो म्हणाला. औषधाच्या कॅनवर लेबल नव्हतं. ह्यांनी विचारलं तर “आयुर्वेदिक आहे, आम्ही स्वतः बनवतो” असं उत्तर मिळालं. घरभर रॉकेलसारखा वास सुटला. वीस मिनिटांत काम संपलं. जाताना म्हणाला, “तो गालिचा आणि बाल्कनीतली गादी घरात ठेवू नका, सगळी अंडी त्यातच आहेत. आम्ही नेऊन जाळून टाकतो, त्याचे पैसे नकोत.” जयपूरहून आणलेला गालिचा होता. जीव तुटला, तरी मी तो दिला. आभारही मानले.

चार-पाच दिवस बरं वाटलं. आठव्या दिवशी पुन्हा पायावर गांध्या, आधीपेक्षा जास्त. फोन केला तर म्हणाला, “अंडी जबरी आहेत, जादा डोस द्यावा लागेल,” आणि आणखी 4,000 घेऊन गेला. दहा दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतर त्याचा फोन बंद.

खरं काय घडत होतं, ते मला नंतर आमच्या डॉक्टरांनी, एका पशुवैद्यांनी आणि दुसऱ्या, परवाना असलेल्या फवारणीवाल्याने मिळून समजावलं. आपल्याला दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याचा छोटासा भाग. मादी मांजराच्या किंवा कुत्र्याच्या अंगावर बसून दिवसाला चाळीसेक अंडी घालू शकते, आणि ती अंडी चिकटून राहत नाहीत, जनावर जिथे झोपेल-फिरेल तिथे गळतात. त्यांतून अळ्या निघतात. त्या उजेडापासून लांब, फरशीच्या फटीत, गालिच्याच्या मुळाशी, पलंगाखाली जातात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेवर जगतात. ती काळी भुकटी म्हणजे हीच विष्ठा, पचलेलं रक्त. ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवली की तांबूस डाग उमटतो. पावसाळ्याची दमट हवा अळ्यांना मानवते.

त्यापुढची अवस्था कोषाची. कोष चिकट असतो, त्यावर धूळ बसते, आणि आत औषध पोचत नाही. आतली पिसू काही महिनेसुद्धा तशीच थांबू शकते. माणसाच्या पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास ह्यांची चाहूल लागली की बाहेर येते. आम्ही तीन महिन्यांनी दार उघडलं आणि चहा होईपर्यंत चावे बसले, ते ह्याचमुळे. म्हणून एका फवारणीत कायमचा बंदोबस्त करतो म्हणणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा खोटं बोलतोय. खरा माणूस आधीच सांगतो की दोन-तीन आठवडे पिसवा दिसत राहतील. प्लेगचं विचारल्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, की तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, तेही त्यांच्यात तो जंतू असेल तर. चावे खाजवू नका, ताप आला तर मात्र लगेच दाखवा.

इथवर पैशाचंच नुकसान होतं. पुढचं सांगताना अजून कसंतरी होतं.

तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “वॉचमनच्या पोरीचे पाय बघा, तुमच्यासारखेच झालेत.” मी खाली गेले. जिन्याखालच्या त्यांच्या एका खोलीत माझाच गालिचा अंथरलेला. कोपऱ्यात मुलीने शाळेत असताना सांडलेल्या शाईचा डागसुद्धा तसाच. वॉचमन म्हणाले, “तो पेस्ट कंट्रोलवाला फाटकापाशी थांबला होता मॅडम. साहेबांनी टाकायला दिलाय, चांगला आहे, हजार रुपयांत घे म्हणाला.” गादीही त्यानेच पाचशेला दिली होती. पाच वर्षांची पोर त्या गादीवर झोपत होती. तिच्या पोटऱ्या खाजवून खाजवून सोलल्या होत्या.

मी तिथेच बसून त्यांना सगळं खरं सांगितलं. दीड हजार परत दिले, पोरीला डॉक्टरांकडे नेलं. पण मी पहिल्याच दिवशी फाटकापाशी जाऊन “आमच्या घरात पिसवा झाल्यात, त्या सामानाला हात लावू नका” एवढं म्हटलं असतं, तर तिला हे भोगावं लागलं नसतं.

त्याच रविवारी सोसायटीच्या बैठकीत मी उभी राहून बोलले. तळमजल्यावरच्या वहिनी एकदम रडायलाच लागल्या. त्याच माणसाला त्यांनी जून महिन्यात 6,000 दिले होते, आणि त्यांनाही त्याने कुणाला सांगू नका म्हणूनच सांगितलं होतं. त्यांच्या पाळलेल्या मांजरीच्या मानेवर घालायला त्याने एक औषधही गळ्यात मारलं होतं. ते कुत्र्यांसाठीचं, पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलेलं होतं. मांजरीला ते विष आहे. ती थरथर कापायला लागली, तेव्हा रात्री पशुवैद्यांकडे धावावं लागलं, नशिबाने वाचली. बैठकीत आणखी दोन घरांनी चावे बसत असल्याचं कबूल केलं. चार घरं, चौघेही गप्प, आणि जिन्यातली तीच मांजर चारही दारांशी फिरत होती.

मग सगळ्यांनी एकाच दिवशी काम करून घेतलं. ह्या वेळी परवाना बघितला. कीटकनाशक कायदा 1968 सालचा आहे, आणि त्यानुसार पैसे घेऊन फवारणी करणाऱ्याला परवाना लागतो. आपल्याकडे तो कृषी खात्याकडून मिळतो. औषधाची सीलबंद बाटली समोर फोडायला लावली. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लेबलच नसेल तर माणसाला दारातूनच परत पाठवा. ह्या परवानावाल्या माणसाने मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधाबरोबर अळ्यांची वाढ रोखणारं औषधही मारलं, तीन आठवड्यांनी पुन्हा आला, आणि आमच्या घराचे दोन्ही वेळचे मिळून 3,200 घेतले. बिलासकट.

निम्मं काम मात्र आमचं आम्हीच केलं. रोज पलंगाखाली, कोपऱ्यांत, सोफ्याच्या खाचांत व्हॅक्यूम फिरवला. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि औषधावर मरतात. आतला केर लगेच पिशवीत घट्ट बांधून बाहेर टाकायचा, मशीनमध्ये ठेवायचा नाही. चादरी, पायपुसणी, पडदे कढत पाण्यातून काढले. रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याची परात ठेवली, सकाळी त्यात किती पिसवा पडल्या ते मोजलं. आकडा उतरत गेला तसा धीर येत गेला. तळमजल्यावरच्या वहिनींच्या मांजरीला पशुवैद्यांनी योग्य औषध दिलं. एका प्राणिमित्र मुलीच्या मदतीने जिन्यातल्या मांजरीवरही उपचार झाले, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. गालिचा आणि गादी जाड प्लास्टिकमध्ये बांधली, वर मोठ्या अक्षरांत “पिसवा आहेत, उघडू नका” लिहिलं आणि घंटागाडीवाल्यांच्या हातात देताना तोंडानेही सांगितलं. पुन्हा कुणाच्या घरात ते जायला नको होतं.

1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल नाही, पावती नाही, पैसे यूपीआयवरून गेलेले तेही कुणा तिसऱ्याच्याच नावावर. माझ्याकडे पुरावा म्हणून त्या दोन व्यवहारांचे स्क्रीनशॉट आणि स्टिकरचा फोटो, बस. 11,500 रुपये अजून परत मिळालेले नाहीत. वॉचमनच्या मुलीचे पाय आता बरे आहेत, डाग तेवढे राहिलेत.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीत भाजी घ्यायला गेले होते. एका इमारतीच्या मीटरच्या पेटीवर तोच स्टिकर दिसला. नंबर वेगळा, चित्र आणि अक्षरं तीच. भाजीची पिशवी तिथेच ठेवली, फोटो काढला आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरींच्या दाराची बेल वाजवली.