जुनी डिस्क मी त्याच्या हातात दिली

घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली असं सांगून एका दुरुस्तीवाल्याने मला फसवलं. नेमकं कुठे बघायचं हे तेव्हा ठाऊक असतं, तर तो रिकाम्या हाताने परत गेला असता. म्हणून लिहितोय.

काम चालू असताना वीज गेली. नंतर कॉम्प्युटर सुरू केला, तर विंडोजने आधी सी ड्राइव्ह तपासायला घेतला. टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते. तपासणी संपून विंडोज सुरूही झालं, पण माझ्या पोटात गोळा आला होता. दुरुस्तीवाल्याने येऊन इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या घडामोडींची नोंदवही, उघडलं आणि लाल खुणांची रांग दाखवली. "बघा साहेब, एवढे एरर. आज-उद्या डिस्क बसणार." मी मान डोलावली. वास्तविक धडधाकट कॉम्प्युटरवरही तिथे लाल-पिवळ्या खुणा असतातच. विंडोजमागे चालणारा एखादा छोटा प्रोग्राम (सेवा) वेळेवर सुरू झाला नाही तरी नोंद पडते.

त्याने नवी म्हणून एक डिस्क बसवली, जुनीवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं आणि जुनी आपल्या पिशवीत टाकली. "हिचा आता काही उपयोग नाही."

कॉपी एकदाही न अडखळता पूर्ण झाली होती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खरोखर बसत आलेली डिस्क वाचताना जागोजागी अडते.

काही दिवसांनी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवला. डिस्क स्वतःबद्दल ज्या स्मार्ट नोंदी ठेवते, त्या तो दाखवतो. 'पॉवर ऑन अवर्स'समोर आकडा होता १९,४१२. म्हणजे इतके तास ती चालू होती. रात्रंदिवस चालली असं धरलं तरी ती 'नवी' डिस्क दोन वर्षांहून जास्त वापरलेली होती! मग आठवलं, विंडोज जसंच्या तसं उतरवलंय म्हणजे जुन्या नोंदीही आल्या असणार. इव्हेंट व्ह्यूअरच्या 'ॲप्लिकेशन' भागात विनइनिट या विंडोज सुरू करणाऱ्या प्रोग्रामची १००१ क्रमांकाची नोंद सापडली. वीज गेली त्या दिवसाच्या तपासणीचा तो अहवाल होता. फाइलींच्या नोंदवहीतल्या किरकोळ चुका दुरुस्त केल्या, बॅड सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कच्या खराब जागांमध्ये, ० केबी. ही तपासणी डिस्कचा कानाकोपरा वाचत नाही हे खरं, पण मला दाखवलेल्या लाल खुणांपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम होता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी स्मार्टमधल्या ०५ (बदललेले खराब सेक्टर), सी५ (संशयित सेक्टर) आणि सी६ (वाचता न आलेले सेक्टर) या ओळी बघा. तिथले मूळ आकडे ('रॉ व्हॅल्यू') शून्यावर असतील तर डिस्क बदलायची घाई करू नका. सी७ (केबलमधून माहिती जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल सैल किंवा खराब असते. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची हीच डिस्क-तपासणी, नुसती चालवली तर फक्त तपासते, 'एफ' जोडलं तर चुका दुरुस्त करते, आणि 'आर' जोडलं तर सगळी डिस्क वाचून काढते. त्याला कित्येक तास लागतात, आणि आजारी डिस्कवर ताण येतो. सी५ वाढलेला दिसला तर आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे काढा, 'आर'चं नंतर बघा. आणि कुणी डिस्क बदलायला आलाच, तर जुनीचा सिरीयल नंबर लिहून ठेवा, नवीचे तास त्याच्यासमोरच बघा आणि जुनी काही झालं तरी घरातच ठेवा.

मी त्याला फोन केला. म्हणाला, "ती भंगारात गेली." सगळे पासवर्ड त्याच रात्री बदलले. पण ओळखपत्रांच्या, बँकेच्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि मुलांचे फोटो त्या डिस्कवर आहेत, ते कसे बदलणार?